गेमवरून सुचलेले कपडे, स्वतःचा ब्रँड: डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट जवळ आलं की हे प्रश्न येऊ लागतात. काही कापडाचे, काही छपाईचे, आणि बरेचसे "हे विकलं तर चालेल का?" या एकाच काळजीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. कर आणि सरकारी शुल्काचे आकडे २०२५ च्या अखेरचे आहेत, त्यामुळे अर्ज भरण्याआधी एकदा ताडून घ्या.

१. गेमवर आधारित ब्रँड म्हणजे गेममधली पात्रं छापलेले टी-शर्टच ना?

नाही. पात्र छापलेला टी-शर्ट हा त्या गेमच्या मालकाचा माल असतो, तुमचा नव्हे. ब्रँड उभा राहतो तो गेम ज्या विचाराने बांधला जातो, तो विचार कपड्यात आणल्यावर. मोजके रंग, चौकटींची जाळी, खेळाडूची उरलेली ताकद दाखवणारी, कमी होत जाणारी पट्टी, सामान ठेवायचे कप्पे, नकाशा, दोन खेळाडूंची जोडी हे सगळं कपड्यात उतरू शकतं. सामानाच्या कप्प्यांवरून जॅकेटच्या खिशांची मांडणी सुचते. लेव्हलचा नकाशा अस्तरावर जातो.

याचं उत्तम उदाहरण मारिओचंच आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांच्याकडे पिक्सेल फार थोडे होते. केस नीट दाखवता येईनात म्हणून टोपी आली. नाक आणि तोंड वेगळं दिसावं म्हणून मिशी आली. हात हलताना दिसावेत म्हणून डंगरी आली. म्हणजे अडचणीतूनच पोशाख जन्माला आला. मारिओचं चित्र उचलू नका, ही रीत उचला.

२. मारिओ किंवा पिकाचू छापून विकलं तर खरंच काही होतं का? सगळीकडे तर विकतात.

होऊ शकतं. पात्राचं चित्र कॉपीराइट कायदा, १९५७ खाली संरक्षित असतं, आणि नाव व बोधचिन्ह बहुतेक वेळा ट्रेडमार्क असतं. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यवहारात पहिला फटका सहसा कोर्टाचा नसतो. विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार जाते, तुमचं पान उतरतं, अडकलेले पैसे थांबतात आणि छापलेला माल घरात पडून राहतो. ४० हजारांचं भांडवल असलेल्या विद्यार्थ्याला एवढ्यानेच दुकान बंद करावं लागतं.

"फॅन आर्ट आहे, मालकी आमची नाही" असं खाली लिहून काहीही वाचत नाही. उलट मालक दुसरा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

३. चित्र मी स्वतः काढलंय, आणि ३० टक्के बदललंय. तरी?

टक्क्यांचा कोणताही नियम कायद्यात नाही. बघणाऱ्याने "अरे, हा तर तो" म्हटलं, तर बदल पुरेसा नाही. मूळ कलाकृतीचं रूपांतर करण्याचा हक्कही मालकाचाच असतो, म्हणून वारली शैलीतला पिकाचू हासुद्धा पिकाचूच राहतो.

४. चाळीस वर्षांपूर्वीचे गेम तरी मोकळे झाले असतील?

एकही नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा, 'पॅक-मॅन' १९८० चा, 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. भारतात कलाकृतीचं संरक्षण कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. प्रकाशनापासून ६० वर्षं असा सर्वांत छोटा हिशेब धरला तरी 'पॅक-मॅन'साठी २०४१ उजाडावं लागेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटी मिळायच्या. त्या सर्रास विकल्या गेल्या म्हणून आतले गेम कुणाचे नव्हते असं होत नाही.

५. मग बिनधास्त वापरता येईल असं काय उरलं?

भरपूर. पिक्सेलची शैली कुणाच्या मालकीची नाही. चौकोनी ठोकळ्यांचं हृदय, कमी होणारी पट्टी, "खेळ संपला", "पुन्हा प्रयत्न करा" असे शब्द, जॉयस्टिकचा सर्वसाधारण आकार, चक्रव्यूह, गुणफलक हे खुलं आहे. खेळाचा नियमही कॉपीराइटमध्ये येत नाही.

कडेकडेच्या जागा मात्र ओळखा. चार चौरसांपासून होणारे सात आकार ही गणितातली गोष्ट आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने 'टेट्रिस'च्या खटल्यात म्हटलं की नियम मोकळे असले तरी ठोकळ्यांचं विशिष्ट दिसणं आणि मांडणी मोकळी नाही. म्हणून ते सात आकार, तेच रंग आणि वरून पडणारी रचना एकत्र आणू नका. प्लेस्टेशनची त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन ही चौकडीसुद्धा सोनीची ओळख आहे. चार आकार हवेच असतील तर स्वतःचे ठरवा.

आणि आपल्याकडचे खेळ? सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. गोल पत्ते, १० रंग, प्रत्येकी १२, एकूण १२० पत्ते. सारीपाटाचा पट तर जन्मतःच जाळीवर आहे. ही परंपरा आजच्या खेळाच्या भाषेत आणणाऱ्या विद्यार्थ्याला कुणाचीही परवानगी मागावी लागत नाही. फक्त एखाद्या हयात कलाकाराचा रंगवलेला पत्ता जसाच्या तसा स्कॅन करून छापू नका.

६. कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं खरं पात्र वापरलं तर?

शिकण्या-शिकवण्यासाठी आणि खासगी अभ्यासासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. ज्युरीसमोर मांडायला अडचण येऊ नये. पण तोच टी-शर्ट कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावून विकला की सवलत संपली. पाच नग विकले की पाचशे, याने फरक पडत नाही. शिवाय पुढे ब्रँड करायचा असेल तर प्रोजेक्टमध्येच मूळ डिझाइन करा, नाहीतर पदवीनंतर सगळा संग्रह नव्याने काढावा लागतो.

७. रीतसर परवानगी कशी मिळवायची?

मोठ्या कंपन्यांचे परवाने किमान हमी रकमेवर दिले जातात: माल विको न विको, ठरलेली रॉयल्टी द्यावीच लागते. विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये. लहान स्वतंत्र स्टुडिओंकडे जा. भारतातही गेम तयार होतात, उदाहरणार्थ 'राजी' (२०२०) हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. काही स्टुडिओ चाहत्यांनी केलेल्या वस्तूंसाठी आपले नियम संकेतस्थळावर देतात. आधी ते वाचा, पत्र नंतर.

पत्र एका पानाचं असावं: कोणती वस्तू, किती नग, कुठे विकणार, किंमत किती, सोबत दोन नमुना चित्रं. करारात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: वस्तूंची यादी, प्रदेश, मुदत, नमुना कोण मंजूर करणार, आणि मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला किती महिने मिळणार. पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी घरातले ३० हुडी विकणं बेकायदा ठरतं. रॉयल्टी छापील किमतीवर की कर आणि सूट वजा करून आलेल्या रकमेवर, हेही लिहून घ्या.

८. स्क्रीनवर पिक्सेल धारदार दिसतात, छापल्यावर कडा धूसर का होतात?

चित्र मोठं करताना सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांची सरासरी काढून मधे नवे रंग भरतं. आकार वाढवताना 'नियरेस्ट नेबर' हा पर्याय निवडा आणि पूर्ण पटीतच वाढवा. ३२ × ३२ चं चित्र ३० सेंमी रुंद, ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) हवं असेल तर ३,५४३ पिक्सेल लागतात. ३,५४३ भागिले ३२ म्हणजे ११०.७. हा अपूर्णांकच घात करतो, कारण काही चौकोन ११० चे होतात आणि काही १११ चे. बरोबर ११० पट करा: ३,५२० पिक्सेल, म्हणजे २९.८ सेंमी. दोन मिलिमीटर कमी पडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. फाइल पीएनजीमध्ये द्या. जेपीजीमध्ये कडांभोवती मळकट ठिपके येतात. छापणाऱ्याला "साइझ बदलू नका" हे लेखी सांगा, नाहीतर तो सवयीने ओढून बसवतो.

एआयने काढलेल्या 'पिक्सेल' चित्रांची हीच अडचण असते. चौकोन एका जाळीवर बसत नाहीत, आकार लहानमोठे असतात आणि एका रंगाच्या शंभर छटा निघतात. अशी प्रतिमा संदर्भाला ठेवा आणि चित्र जाळीवर हाताने काढा.

९. किती रंग वापरावेत?

तीन, आणि चौथा कापडाचा. हा आकडा गेमच्या इतिहासातूनच येतो. निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर एका हलत्या आकृतीच्या रंगपट्टीत तीन रंग आणि एक पारदर्शक जागा असे. १९८९ चा गेम बॉय १६० × १४४ च्या पडद्यावर फक्त चार छटा दाखवायचा. स्क्रीन प्रिंटिंगचा खर्चही रंगागणिक वाढतो, कारण प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. म्हणजे त्या यंत्राची मर्यादा आणि तुमची मर्यादा एकच आहे. कापडाला पारदर्शक रंग धरून चित्र काढलं की छपाई स्वस्त होते, हलकी होते आणि दिसायलाही अस्सल वाटते.

पडद्यावरचे झगझगीत निऑन रंग चार रंगांच्या छपाईत मिळत नाहीत. तोच रंग हवा असेल तर स्क्रीन प्रिंटमध्ये फ्लुरोसंट शाई मागा आणि पँटोन या रंगक्रमांकांच्या पद्धतीच्या छापील कार्डावरून रंग ठरवा, मोबाइलवरून नव्हे.

१०. देवनागरी अक्षरं पिक्सेलमध्ये काढली की वाचता येत नाहीत. काय चुकतं?

इंग्रजी कॅपिटल अक्षर ८ × ८ च्या चौकटीत बसतं, म्हणून सगळे तीच चौकट घेतात. देवनागरीला ती पुरत नाही. उभी मोजणी अशी करा: वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांना वर ३ ओळी, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला किमान ५ ते ६, उकाराला खाली ३. झाल्या १२ ते १३. जोडाक्षरं आणि रफार धरले तर १६ ओळींची चौकट घ्या. रुंदी सर्व अक्षरांना सारखी देऊ नका. 'र' ४ चौकोनांत होतो, 'क्ष' ला ९ लागतात.

शिरोरेषा एक चौकोन जाड असेल तर अक्षराचा दांडाही एकच ठेवा. दांडा दोन आणि रेषा एक केली की शब्द खाली कोसळल्यासारखा दिसतो. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक नेमका शिरोरेषेच्या खंडात असतो, तो एक चौकोन मोकळा सोडायला विसरू नका. छातीवरच्या शब्दाला एक चौकोन किमान ४ मिमी धरा, म्हणजे १६ ओळींचा शब्द ६.४ सेंमी उंच होतो. तीन मीटरवरून सहज वाचता येतो.

आयता टाइप हवा असेल तर खुल्या परवान्याचे देवनागरी टाइप आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या टाइप-संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे त्यातले. ओपन फाँट लायसन्समध्ये कपड्यावर छापून विकायला मुभा असते. मात्र ते पिक्सेल टाइप नाहीत. पिक्सेलची देवनागरी स्वतः काढलीत तर ब्रँडची खरी ओळख तिथेच तयार होईल, कारण हे काम अजून फार थोड्यांनी मनापासून केलं आहे.

११. कापड कोणतं घ्यावं?

साध्या टी-शर्टला १८० जीएसएम (चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) सिंगल जर्सी, ओव्हरसाइझला २२० ते २४०, हुडीला ३०० ते ३३० चं लूपनिट किंवा फ्लीस. सुती, कोम्ब्ड, बायोवॉश केलेलं मागा. बायोवॉशने लव जाते आणि छपाईची कड स्वच्छ येते. निटचं कापड मीटरवर नव्हे, किलोवर मिळतं, मुख्यतः तिरुपूरचं. स्वतःच्या रंगात रंगवून घ्यायचा लॉट विद्यार्थ्याला परवडणारा नसतो, म्हणून व्यापाऱ्याच्या तयार रंगपत्रकातूनच निवडा. गळ्याची रिब त्याच वेळी, त्याच रंगाच्या लॉटमधली घ्या. नंतर घेतलेला काळा हा तोच काळा नसतो.

घेण्याआधी आटण्याची चाचणी करा. कापडावर ५० × ५० सेंमीचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. अडीच सेंमी कमी झालं तर आटणं ५ टक्के. तेवढं पॅटर्नमध्ये वाढवा किंवा कापड बदला. चौकोन तिरका झाला असेल तर टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे फिरणार. पिक्सेलच्या सरळ रेषांवर ही तिरकस लगेच दिसते, म्हणून या कामाला असं कापड चालतच नाही.

१२. ५० टी-शर्टना किती किलो कापड लागेल?

सूत्र असं: (उंची + बाही + १२) × (अर्धी छाती + ४) × २ × जीएसएम ÷ १,००,००,०००. मापं सेंमीमध्ये, उत्तर किलोमध्ये.

ओव्हरसाइझ, उंची ७४, बाही २५, अर्धी छाती ६१, कापड २४० जीएसएम: १११ × ६५ × २ × २४० ÷ १,००,००,००० म्हणजे साधारण ०.३४६ किलो, ३४६ ग्रॅम. कटिंगची घट १० टक्के धरली तर ३८० ग्रॅम. ५० नगांना १९ किलो, वर किलोभर रिब. हे मधल्या साइझचं माप आहे, मोठ्या साइझ जास्त असतील तर २१ किलो धरा.

१३. स्क्रीन प्रिंट, डीटीएफ की सब्लिमेशन?

नगांवर आणि कापडावर अवलंबून. एकाच डिझाइनचे ५० च्या पुढे नग आणि तीन-चार सपाट रंग असतील तर स्क्रीन प्रिंट. फ्रेमचा खर्च एकदाच होतो आणि हाताला उत्तम लागतं. नमुने, दहा-वीस नग किंवा अनेक रंग असतील तर डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवणं. ही फिल्म मीटरवर मिळते, रुंदी साधारण ६० सेंमी. २८ सेंमी चौरसाची सहा चित्रं एका मीटरमध्ये बसतात आणि उरलेल्या पट्टीत बाहीचे छोटे तुकडे, मानेमागची खूण मांडता येते. रिकामी फिल्म म्हणजे वाया गेलेले पैसे. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात मुरवणं, फक्त पॉलिस्टरवर, तेही पांढऱ्या किंवा फिक्या. ई-स्पोर्ट्स संघाच्या जर्सीला तेच योग्य. सुती कापडावर ते एका धुण्यात निघून जातं.

डीटीएफच्या मोठ्या भरीव चित्राची सर्वांत मोठी तक्रार घामाची. छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखं होतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तो टी-शर्ट कुणी दुसऱ्यांदा घालत नाही. पिक्सेल चित्राला यावर सुंदर उपाय आहे: प्रत्येक दोन चौकोनांमध्ये ०.८ मिमी फट मोकळी ठेवा. कापड श्वास घेतं, घडीवर चित्र मोडत नाही आणि जाळी उठून दिसते. फक्त सुटा चौकोन २ मिमीपेक्षा लहान ठेवू नका, त्याला गोंद पुरेसा बसत नाही आणि तो धुण्यात उडतो.

१४. छपाईत आणखी काय काय बिघडतं?

दोन रंगांच्या मधे पांढरी रेघ दिसते, कारण फ्रेम केसभर सरकतात. फिका रंग गडद रंगाखाली ०.३ मिमी सरकवून घ्या. प्लास्टिसॉल (स्क्रीन प्रिंटची प्लास्टिकची शाई) तडकतं, कारण ते नीट पिकलेलं नसतं. शाईचा पूर्ण थर सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा, वरचा कोरडा वाटला म्हणून भागत नाही. छापील भाग बोटांनी ताणून पाहा. ताणल्यावर चिरला तर परत भट्टीत.

लाल हुडीवर पांढरी छपाई दोन दिवसांनी गुलाबी झाली, हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. कापडात पॉलिस्टर असतं आणि उष्णतेने त्याचा रंग शाईत चढतो. शंभर टक्के सुती घ्या, नाहीतर कमी तापमानाला पिकणारी शाई आणि खाली राखाडी अडथळ्याचा थर मागा.

चौकोन अंगावर आयत दिसत असतील तर टी-शर्ट घट्ट आहे. पिक्सेल चित्र ढिल्या मापावरच चौकोनी राहतं. हे प्रिंटरचं नव्हे, पॅटर्नचं काम.

१५. सोलापुरी चादरीपासून पिक्सेल जॅकेट करता येईल?

करता येईल, आणि करून पाहावं असं आहे. जॅकार्ड मागावर नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरूनच काढली जाते, म्हणजे विणकर पिक्सेलमध्येच विचार करतो. स्वतःची नक्षी विणून घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा: उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात. उभे ४० आणि आडवे ३० असतील तर एक इंचाचा चौरस काढायला ४० × ३० घरं भरावी लागतात. ४० × ४० भरलीत तर चौरस उभा ताणला जातो.

तयार चादर कापत असाल तर कड लगेच सुटते. कापल्याबरोबर ओव्हरलॉक करा, शिवणीला दीड सेंमी ठेवा. समोरच्या दोन पानांवर नक्षी जुळवायची म्हणजे कापड जास्त लागणार, ते खर्चात धरा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेल्या कापडाला ते नाव लेबलवर लावणं हा गुन्हा आहे.

१६. पहिला लॉट किती नगांचा?

एक किंवा दोन डिझाइन, प्रत्येकी ५० नग. दहा डिझाइन प्रत्येकी दहा ही नेहमीची चूक, कारण प्रत्येकात हवी ती साइझ संपते आणि नको ती उरते. ५० चं वाटप असं ठेवा: एस ८, एम १६, एल १६, एक्सएल ८, डबल एक्सएल २. पुढचं वाटप विक्री पाहून. मास्टरकडून आधी एमचा एकच नमुना शिवून घ्या, तो तीनदा धुवा, मग ग्रेडिंग करा, म्हणजे त्यावरून बाकीच्या साइझ काढा. साइझचा तक्ता अंगाच्या नव्हे, कपड्याच्या मापात द्या. परत येणाऱ्या मालाचं पहिलं कारण तिथेच असतं.

१७. किंमत कशी काढायची?

रीत दाखवण्यासाठी हे दर धरले आहेत, तुमच्या बाजारातले भरा. कापड ₹१८०, कटिंग-शिलाई ₹९०, छपाई ₹७०, लेबल-पॅकिंग ₹३०, एकूण ₹३७०. ५ टक्के खराब नग धरून ₹३८८.५०. ५० नगांचे ₹१९,४२५. पॅटर्न, नमुने आणि फोटो यांचे ₹१०,०००.

विक्री ₹१,१९९ ला, करासह. कर वजा जाता ₹१,१४२. आता पन्नासच्या पन्नास विकले जातील असं धरू नका, ४० धरा. आले ₹४५,६८०. गेले: उत्पादन ₹१९,४२५, नमुने ₹१०,०००, कुरिअर नगाला ₹८० प्रमाणे ₹३,२००, पेमेंटचं शुल्क नगाला ₹२४ प्रमाणे ₹९६०. उरले ₹१२,०९५. यातून जाहिरात आणि तुमचं मानधन. ₹६९९ ला विकलं असतं तर खिशातून गेले असते. मित्रांना परवडावं म्हणून किंमत पाडणारे ब्रँड दुसरा लॉट काढू शकत नाहीत.

कॅश ऑन डिलिव्हरी पहिल्या लॉटला टाळा. ग्राहकाने न घेतलेल्या पार्सलचं जाणं आणि येणं दोन्ही भाडं तुमचं.

१८. जीएसटी नोंदणी लागते का?

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नाही. पण बेळगावच्या किंवा पणजीच्या एका ग्राहकाला टी-शर्ट पाठवला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि मालाच्या बाबतीत नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकतानाही ती सहसा लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती छोट्या विक्रेत्यांना नावनोंदणी क्रमांकावर सूट आहे.

दर: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला ₹२,५०० पर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. ही मर्यादा कर सोडून असलेल्या किमतीवर आहे. हुडीची करासह किंमत ₹२,६२५ ठेवली तर हातात ₹२,५०० राहतात. १८ टक्क्यांच्या दराने तेवढेच हातात यायला किंमत ₹२,९५० करावी लागते. म्हणून ₹२,६२५ ते ₹२,९५० मधली किंमत ठेवूच नका.

१९. लेबलवर काय छापायचं?

पॅकबंद विकताना उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, साइझ, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. धुण्याच्या सूचना शिवलेल्या लेबलवर द्या: उलटा करून, गार पाण्यात, छपाईवर इस्त्री नको. मानेमागे लेबलऐवजी छपाई केली तर टोचत नाही.

२०. ब्रँडचं नाव कसं राखायचं?

आधी आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग २५ मध्ये (कपड्यांचा वर्ग) शोधा, उच्चारसाधर्म्यानेही. 'प्लेअर', 'लेव्हल', 'चीट', 'पिक्सेल' हे शब्द इतक्या जणांनी घेतले आहेत की नाव मिळालं तरी राखता येत नाही. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ₹४,५०० लागतात. जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर हरकतीला ४ महिने, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'टीएम' खूण अर्जाआधीही लावता येते. वर्तुळातला 'आर' नोंदणी मिळाल्यावरच, आधी लावणं बेकायदा आहे.

२१. माझं डिझाइन कुणी उचललं तर?

इथे एक सापळा आहे. जे डिझाइन डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदता आलं असतं पण नोंदलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा तयार झाली की त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे ५१ वा नग महागात पडू शकतो. नोंदणीला व्यक्तीसाठी ₹१,००० शुल्क आणि संरक्षण १० अधिक ५ वर्षं. पण डिझाइन नवं असावं लागतं, आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं. इन्स्टाग्रामवर टाकलंत की नवेपण गेलं. क्रम असा ठेवा: आधी अर्ज, मग पोस्ट. प्रत्येक डिझाइन नोंदवायची गरज नाही, ब्रँडची सही ठरेल ते एक-दोन नोंदवा.

२२. चित्र मित्राने काढलं, पैसेही दिले. मग माझंच ना?

लेखी हस्तांतरण नसेल तर तसं गृहीत धरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं म्हटलं नसेल तर तो परत जातो. म्हणून तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. इंटर्नशिपमध्ये नोकरी किंवा उमेदवारीचा भाग म्हणून काढलेलं काम सहसा कंपनीचं असतं, ते स्वतःच्या ब्रँडमध्ये आणू नका. कॉलेजच्या कामावर तुमचाच हक्क असतो, मात्र प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदात वेगळी अट आहे का ते पाहा.

२३. विकलेलं डिझाइन स्पर्धेत पाठवता येतं का?

बहुतेक स्पर्धांत नाही. २०१९ मध्ये युनिक्लोच्या पोकेमॉन टी-शर्ट स्पर्धेत पहिलं आलेलं डिझाइन आधीच विकलं गेल्याचं निघालं आणि बक्षीस रद्द झालं. उलट बाजूही तपासा: काही स्पर्धांच्या अटींत पाठवलेल्या प्रत्येक प्रवेशिकेचे हक्क आयोजकांकडे जातात, न जिंकलेल्याही. तशी अट असेल तर ब्रँडसाठी राखलेलं डिझाइन तिथे देऊ नका.